हार्ड रॉकमधल्या अनोळखी मदतनीसांचे आभार

लंडनच्या ओल्ड पार्क लेनवर १९७१ साली सुरू झालेल्या हार्ड रॉक कॅफे या रॉक संगीताच्या थीमवरच्या रेस्टॉरंटच्या जगभरच्या शाखांत सुट्टीतल्या पाहुण्यांना सांभाळून घेणाऱ्या, नावं ठाऊक नसलेल्या मंडळींचे मनापासून आभार.

पहिले आभार दारापाशी टेबल देणाऱ्यांचे. आजीआजोबा सोबत दिसले की ती स्पीकरपासून लांबची, भिंतीकडची जागा देतात. तिथे निदान एकमेकांचं बोलणं ऐकू येतं! दुपारचे तीन ते पाच सहसा निवांत असतात, हेही त्यांचंच सांगणं.

ऑर्डर घेणाऱ्यांचे तर दुप्पट आभार. परदेशात नुसतं ‘बर्गर’ म्हटलं की बहुधा गोमांस येतं, वर बेकनही (म्हणजे डुकराचं मांस) असू शकतं. शाकाहारी टिक्की त्याच तव्यावर भाजतात का, बटाट्याच्या फ्राइज चिकनच्या तेलात तळतात का, हे ते आत जाऊन विचारून येतात. विचारायचं ते ऑर्डर देण्याआधी. ताट आल्यावर उपयोग नसतो. एक बर्गर दोघांत पुरतो, हेसुद्धा तेच सांगतात (मालकाला आवडत असेल का, कोण जाणे).

लंडनमध्ये बिलात बहुतेकदा १२.५ टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं आणि ते ऐच्छिक असतं. तिथे वेगळी टिप नको, असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्यांना सलाम. अमेरिकेत मात्र १८ ते २० टक्के द्यायची रीत आहे.

आणि प्रसिद्ध रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या गिटारपासून भिंतीवरचा संगीतकारांच्या वस्तूंचा हा संग्रह कसा सुरू झाला ते हातातला ट्रे सांभाळत सांगणारे, फोटो काढताना काचेवर चमक येते म्हणून फ्लॅश बंद करायला लावून थोडं तिरकं उभं करणारे, तुमचेही आभार.