पोटातलं ओठांवर

चि. राजास,
अनेक आशीर्वाद.

"बाबांना सांगू नकोस," असं तू आईला बजावलंस आणि फोन ठेवल्यावर पाचव्या मिनिटाला तिनं मला सगळं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. चार-चार दिवस पोट साफ होत नाही, बसलं की अर्धा तास जातो, आणि परवा लाल डाग दिसला, एवढं ऐकल्यावर कुठल्या आईला गप्प राहवेल? ती घाबरली. मी घाबरलो नाही, पण मला शरम वाटली. तुझी नव्हे, माझी. असलं दुखणं लपवायचं असतं हे तू घरात माझ्याकडूनच शिकला असणार.

तेव्हा आधी माझी गोष्ट ऐक. तू शाळेत होतास तेव्हाची. सकाळी उठल्यापासून माझी नुसती पळापळ असायची. पोट बिचारं हाक मारायचं ते नेमकं ऑफिसात पोचल्यावर, दहाच्या सुमारास. समोर माणसं बसलेली, शिवाय तिथल्या संडासाच्या दाराला धड कडी नाही. मी मनात म्हणायचो, नंतर बघू. दहा मिनिटांत ती कळ निघून जायची आणि मला वाटायचं, जिंकलो! असं काही महिने जिंकल्यावर एका सकाळी काच फिरल्यासारखं दुखलं आणि भांड्यात रक्ताचे थेंब पडले. मी दोनदा फ्लश केलं, आईला दिसू नये म्हणून.

त्यानंतर आठ महिने मी स्वतःच स्वतःचा डॉक्टर होतो. मूळव्याध असं निदानही करून टाकलं आणि औषधाच्या दुकानातून, आवाज खाली आणून, एक मलम आणलं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. माझ्या बाबतीत जावयाचाही पत्ता नव्हता, तरी आठ महिने गेले. शेवटी गेलो तेव्हा डॉक्टरांना दोन मिनिटं लागली. मूळव्याध नव्हतीच, फिशर होतं. म्हणजे कडक शौचामुळे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर. चीर दुखते म्हणून माणूस जायचं टाळतो, टाळल्यानं शौच आणखी कडक होतं, ते बाहेर येताना चीर पुन्हा उसवते. त्यात दुखण्यानं तिथला स्नायू आवळून राहतो, त्या जागी रक्त कमी पोचतं आणि जखम भरत नाही. त्यांनी शौच मऊ राहील असं औषध दिलं, स्नायू सैल करणारं मलम दिलं आणि दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगितलं. दोन महिन्यांत बरं झालं. आठ महिने लपवलेलं दुखणं दोन महिन्यांत गेलं, यावर मी अजून स्वतःवर चिडतो.

तुझाही डाग बहुतेक अशाच चिरेचा असेल. पण ते मी इथे बसून ठरवायचं नाही आणि तू मोबाईलवर शोधून तर मुळीच नाही. या आठवड्यात दाखवून ये. लाजू नकोस, त्यांचा तो रोजचा धंदा आहे.

आता मुळाशी जाऊ. "रोज झालंच पाहिजे" हा धाक आधी डोक्यातून काढ. दिवसाला तीनदा ते आठवड्याला तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसाला चालतं. किती वेळा झालं यापेक्षा कसं झालं ते महत्त्वाचं. त्यासाठी १९९७ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एक तक्ता प्रसिद्ध केला. तो आता जगभरच्या दवाखान्यांत वापरतात. त्यात सात प्रकार आहेत. एक नंबर म्हणजे सुटे सुटे कडक खडे, दोन म्हणजे खडे चिकटून झालेला गाठाळ लांबट गोळा, तीन म्हणजे वरून भेगा पडलेला, चार म्हणजे मऊ, गुळगुळीत, सापासारखा. पुढे पाच, सहा, सात करत पाण्यापर्यंत. तीन-चार असेल तर आनंद. तू आईला जे वर्णन केलंस ते मला एक-दोनच्या मधलं वाटलं.

खडे का होतात ते समजलं की अर्धं काम झालं. खाल्लेलं, प्यालेलं आणि शरीरानं स्वतः सोडलेले पाचकरस मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातला बहुतेक लहान आतडंच शोषून घेतं. दीडेक लिटर मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो, आणि तिथून बाहेर पडताना जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी उरतं. मोठं आतडं इतकं कंजूष आहे! त्याच्या ताब्यात माल जितका जास्त वेळ राहील तितकं ते पिळत राहणार. मी ऑफिसात "नंतर बघू" म्हणायचो तेव्हा आत हेच चाललेलं असायचं. वर आणखी एक गोष्ट: वारंवार हाक दाबली की मलाशय ताणून घ्यायला शिकतं आणि हाकच क्षीण होत जाते. तू म्हणालास ना, "लागल्यासारखंच वाटत नाही"? ते असं होतं.

सुदैवानं हाक परत येते, फक्त तिची वेळ सांभाळावी लागते. झोपेतून उठलं की मोठं आतडं जागं होतं आणि पोटात अन्न गेलं की त्याच्या हालचाली आणखी वाढतात. म्हणून सकाळच्या खाण्यानंतरची वीस-तीस मिनिटं सोन्यासारखी. तू नेमकी ती झोपण्यात घालवतोस, मग उपाशीपोटी धावत सुटतोस. अर्धा तास लवकर ऊठ, काहीतरी खा, गरम काहीतरी पी (कॉफीनं बऱ्याच जणांचं आतडं हलतं, तुझं हलत असेल तर खुशाल पी) आणि जाऊन बस. पाच-दहा मिनिटांत झालं तर झालं, नाही तर उठ. फोन बाहेर ठेव. तुला अर्धा तास लागतो, त्यातली पंचवीस मिनिटं फोनची आहेत, असं मी पैजेवर सांगतो. तसं ताटकळत बसलं की तिथल्या रक्तवाहिन्यांवर दाब येत राहतो, आणि मग खरीच मूळव्याध होते.

बसण्याचीही एक युक्ती आहे. मलाशयाभोवती एक स्नायू दोरीच्या फासासारखा असतो. तो एरवी नळीला पुढे ओढून वाकवून धरतो, म्हणून आपण दिवसभर निर्धास्त हिंडतो. उकिडवं बसलं की तो फास सैल होतो आणि वाट सरळ होते. खुर्चीसारख्या कमोडवर तो अर्धवटच सुटतो. पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल घे, गुडघे कमरेच्या वर येऊ देत, कोपरं मांडीवर टेकव आणि पोट सैल सोड. कुंथू नकोस. मी पहिल्यांदा स्टूल आणलं तेव्हा तुझी आई हसली होती. महिन्यानंतर तिनं ते वापरायला घेतलं.

आता खाणं. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ, म्हणजे फायबर, लागतात. तुझ्या पावडरीच्या शेकमध्ये प्रथिनं असतील, तंतू जवळपास नसतात, आणि मैद्यात तर ते चाळणीतच राहतात. वाटीभर शिजवलेली मसूर घेतलीस तर बारा-पंधरा ग्रॅम तिथेच जमा. सालीसकट सफरचंदात चारेक ग्रॅम असतात. साल काढलीस तर बरेचसे कचऱ्याच्या डब्यात जातात. अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, बिया, सालीची फळं, एवढं पुरे, यात गूढ काही नाही. किवी आणि सुकवलेले प्लम यांच्यावर नीट चाचण्या झाल्या आहेत आणि दोन्हींनी बद्धकोष्ठाला उतार पडतो. रोज दोन किवी खाऊन बघ.

मात्र एकदम उडी मारू नकोस. पचनरसांना जे तंतू पचत नाहीत ते मोठ्या आतड्यातले जंतू आंबवून खातात. त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार होतात, ती हवीच असतात, पण सोबत वायूही होतो. दहा ग्रॅमवरून एका दिवसात तीसवर गेलास तर पोटाचा नगारा होईल आणि तू म्हणशील, बाबांचं ऐकून फसलो. दोन-तीन आठवडे घे, थोडं थोडं वाढव. वारा सरणं हा आजार नव्हे, निरोगी माणसाचाही दिवसाकाठी दहा-वीस वेळा सरतो.

ईसबगोलाचं तुला दाखवायलाच हवं होतं. परवा मी चमचाभर भुसा अर्धा पेला पाण्यात टाकला, ढवळला, आणि तेवढ्यात तुझ्या आत्याचा फोन आला. आत्याचे फोन तुला माहीत आहेत. परत येऊन पेला तिरपा केला तर काही सांडेना. उलटा केला तेव्हा अख्खा गोळा एकदम थलथलत ओट्यावर पडला. आतड्यात तो हेच करतो: पाणी धरून ठेवतो आणि मोठ्या आतड्याला ते पिळून घेऊ देत नाही. म्हणूनच तो मोठ्ठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा आणि वर आणखी पाणी घ्यायचं. कोरडा कधीच गिळायचा नाही, नाहीतर घशातच फुगेल. झोपायला आडवं होण्याआधीही घ्यायचा नाही. नुसतं पाणी बदाबदा ढोसून मात्र खडे मऊ होत नाहीत, ते मूत्रपिंडं बाहेर टाकून देतात. तहान भागेल आणि लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्यालास की झालं.

आणि एक, जिममध्ये कुणी सांगितलं म्हणून लोहाच्या नाहीतर कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्यास का? दोन्हींनी पोट आवळतं. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांनी तर हमखास. डॉक्टरकडे जाताना जे जे घेतोस ते लिहून ने. "डिटॉक्स" चहाही सांग. त्यातल्या बऱ्याच चहांत सोनामुखी असते. ती आतड्याला चाबूक मारते आणि पाकिटावर मात्र हिरवीगार पानं छापलेली असतात. रेचकाचं मला वावडं नाही. डॉक्टरांनी पाणी धरून ठेवणारी पावडर दिली तर मुकाट्यानं घे. फक्त काय घेतोय हे माहीत असू दे.

उलटा प्रकार झाला, जुलाब लागले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पीत राहा. चमचा चहाचा, आणि माप नेमकंच, साखर वाढवलीस तर जुलाब वाढतील. साखरेचा हात धरून मीठ आतड्याच्या भिंतीतून आत जातं आणि त्यांच्यामागून पाणी. १९७१ साली निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एवढ्याच ज्ञानावर हजारो जीव वाचवले. ताप किंवा रक्त असेल तर मात्र जुलाब थांबवायची गोळी घेऊ नकोस.

परीक्षा आली की तुझं पोट बिघडायचं, ते ढोंग आहे असं मी एकदा म्हणालो होतो. ते शब्द मी मागे घेतो. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशी असतात आणि मेंदूशी त्यांचं सतत बोलणं चालू असतं. आठवड्यातून एखादा दिवस तरी पोट दुखतं, शौचाला जाऊन आलं की दुखणं बदलतं, कधी खडे तर कधी पातळ, असं महिनोन्‌महिने चाललं तर तेही डॉक्टरांना सांग. त्याला नाव आहे आणि उपायही आहे.

काही गोष्टींसाठी मात्र माझ्या पत्राची वाट बघायची नाही. शौचात रक्त मिसळलेलं, डांबरासारखं काळं शौच (लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते डॉक्टरांना ठरवू दे), कारण नसताना वजन उतरणं, झोपेतून उठवणारं पोटदुखी किंवा जुलाब, या सगळ्यासाठी लगेच दाखवायचं. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, किंवा बेंबीभोवतीचं दुखणं उजवीकडे खाली सरकतंय, तर थेट दवाखाना गाठायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तेव्हा रेचक चुकूनही घ्यायचं नाही.

माझ्या वडिलांशी मी या विषयावर आयुष्यात एक शब्द बोललो नाही. ते शेवटची दोन वर्षं काय सोसत होते ते आम्हाला फार उशिरा कळलं. म्हणून हे लांबलचक पत्र. वाचताना तू तोंड वाकडं केलं असशील, करू दे.

रविवारी फोन करशील तेव्हा सविस्तर काही सांगू नकोस, माझ्याकडे तो तक्ता आहे. मी "स्कोअर काय?" विचारीन, तू फक्त आकडा सांग. आईला वाटेल मॅच चालू आहे. सध्या दोनवर खेळतोयस, चौकार कधी मारतोस ते बघतो.

तुझे,
बाबा

ता. क. स्टूल कुरिअरनं पाठवलंय. मित्रांनी विचारलं तर पुस्तकं ठेवायला आहे म्हणून सांग.