कसाल रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या काकांचे आभार

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉन स्पर्धेच्या तयारीसाठी आमचा संघ तारकर्लीत शिबिराला गेला होता. सकाळी समुद्रात पोहणं, मग लांब सायकलिंग. त्या स्पर्धेत १.९ किमी पोहून ९० किमी सायकल आणि वर २१.१ किमी धावायचं असतं, त्यामुळे सायकलला सुट्टी नाहीच.

मालवण-कसाल रस्त्यावर माझ्या मागच्या टायरची कडच फाटली. नवी ट्यूब होती, पण टाकली की चिरेतून फुग्यासारखी बाहेर यायची. सोबतचे दोघं थांबले. ऊन मी म्हणत होतं.

शेजारच्या टपरीतले काका स्वतःहून आले. असली सायकल त्यांनी बहुधा हाताळली नव्हती. बारीक व्हॉल्व्हला त्यांचा पंपही बसेना. पण चीर बोटानं चाचपून ते म्हणाले, "घाबरा नको, होतला." स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, कडा कानशीनं घासून पातळ केल्या, सोल्यूशन लावून टायरच्या आतून चिकटवला. वाळेपर्यंत हलू दिलं नाही. मग हवा आमच्याच हातपंपानं, तीही "थोडी कमीच भरा" असं बजावून.

तेवढ्यात काकी कोकम सरबत घेऊन आल्या, मीठ जरा जास्तच घातलेलं. घामानं निथळणाऱ्याला काय लागतं ते आमच्या क्षारांच्या महागड्या पुड्यांपेक्षा त्यांना जास्त कळतं!

पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. काका, काकी, मनापासून आभार. तो तुकडा तारकर्लीपर्यंत टिकला. पुढच्या शिबिरात आख्खा संघ सरबताला येणार आहे, आणि त्याचे पैसे मात्र घ्यावेच लागतील.