कंपनी काढू नका म्हणणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. पत्रात नाव घालायचं नाही ही तुमचीच अट, म्हणून नुसतं मॅडम. आमच्यासारख्या घरातून धंदा करणाऱ्या बायकांनी वाचावं, यासाठी आभार असे उघड मानतेय.

आमच्या घरगुती चटणीच्या धंद्याची नोंदणी कशी करायची याचा सल्ला घ्यायला आम्ही दोघी जावा तुमच्या ऑफिसात आलो तेव्हा बरोबर दीर होते आणि निर्णय घरूनच ठरवून आणला होता: प्रायव्हेट लिमिटेड. एका एजंटानं पॅकेज दिलेलं, आणि पाकिटावर 'प्रा. लि.' छापलं की कोल्हापुरी चटणी मॉलमध्ये जाते असा दिरांचा ठाम समज. तुम्ही ते पॅकेज बाजूला सरकवलंत आणि त्यांना सोडून आम्हाला विचारलंत, "मिरची कोण निवडतं? पैसे कोणी घातले? उधारी कोण वसूल करतं?" सगळ्याचं उत्तर आम्हीच. "मग संचालक म्हणून यांचं नाव कशाला?" एवढं सरळ आमच्या घरात कोणी विचारलं नव्हतं. दीर भले माणूस आहेत, पण त्या दिवशी चहा न घेताच उठले.

मग तुम्ही हिशेब मांडलात. कंपनी म्हटली की उलाढाल कितीही छोटी असो, दरवर्षी ऑडिट आलंच. एकटीची कंपनी, म्हणजे ओपीसी काढली तरी ते चुकत नाही, शिवाय नॉमिनी द्यावा लागतो. "कंपनी केली की घरादाराला धक्का नाही" हे एजंटाचं वाक्य तुम्ही अर्धं खरं म्हणालात, कारण छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुतेक वेळा संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच. आणि दिरांचा अर्धा वाटा ठेवला असता, तर महिलांचा उद्योग म्हणवून घ्यायला लागणारे ५१ टक्केही आमच्याकडे उरले नसते. केंद्र सरकारच्या खरेदीत महिलांच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी ३ टक्क्यांचं उद्दिष्ट आहे, हे मला तुमच्याकडेच पहिल्यांदा कळलं.

प्रोप्रायटरशिप सगळ्यात स्वस्त, हे तुम्ही मान्य केलंत. मालकिणीचंच पॅन, वेगळा कायदा नाही. पण मालकीण एकच. माझ्या नावावर केलं असतं तर जाऊबाई कागदोपत्री कोणीच नाहीत, आणि कांडप मशीनला पैसे त्यांनी स्वतःच्या पाटल्या मोडून घातलेले. म्हणून भागीदारी.

इथं तुम्ही जो वेळ दिलात त्याचं मोल मला आता कळतंय. तोंडी भागीदारीही कायद्याला चालते, पण फर्मची नोंदणी नसेल तर पैसे बुडवणाऱ्या दुकानदारावर फर्मच्या नावानं दावा लावता येत नाही. १९३२ च्या कायद्याचं ६९ वं कलम तुम्ही बोट ठेवून वाचून दाखवलंत. मग डीडसाठी, म्हणजे भागीदारीच्या करारपत्रासाठी, एकेक प्रश्न. भांडवल कोणाचं किती, काम करणारीला पगार किती, एक बाहेर पडली तर पाककृती कोणाची, चेकवर सही एकीची की दोघींची. "आमच्यात असलं काही होत नाही हो" असं जाऊबाई म्हणाल्या, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "होत नाही तेव्हाच लिहायचं असतं."

शेवटी सगळ्यात अवघड प्रश्न काढलात: दोघींपैकी एक गेली तर? दोनच भागीदार असतील तर एकीच्या मृत्यूनं फर्मच संपते, डीडमध्ये काहीही लिहा. एकटीची भागीदारी कशी असणार? तिघी असतील तर मात्र उरलेल्या दोघींनी फर्म पुढे चालवायची असं लिहून ठेवता येतं. तुम्ही एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारीही समजावलीत. तिथं भागीदार गेला तरी संस्था राहते आणि जबाबदारी मर्यादित असते, पण दरवर्षी दोन फॉर्म भरायचे, उशीर झाला की दंड, आणि छोट्या धंद्याला उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवायची जी आयकराची सोय आहे ती एलएलपीला नाही, फर्मला आहे. मग तुम्हीच विचारलंत, "चटणीची रीत मूळ कोणाची?"

सासूबाईंची. त्या तिसऱ्या भागीदार झाल्या. आमचे ४५-४५ टक्के, त्यांचे १०. फर्ममध्ये जबाबदारी अमर्याद असते, म्हणजे फर्मचं देणं भागीदारांच्या घरादारावरही येऊ शकतं, म्हणून घर कोणाच्या नावावर आहे तेही तुम्ही आधी तपासलंत. ते सासऱ्यांच्या नावावर निघालं, तेव्हाच पुढं गेलात. मोठ्या ऑर्डरी यायला लागल्या की याच फर्मची एलएलपी करू, कायद्यात ती वाट आहे, हेही सांगून ठेवलंत.

मध्येच मावशींनी "लिज्जतसारखी संस्था काढा की" अशी सूचना केली होती. तुम्ही हसला नाहीत. १९५९ साली गिरगावात ८० रुपये उसने घेऊन सात जणींनी पापड लाटायला घेतले, १९६६ साली संस्था म्हणून नोंदणी झाली, तिथं लाटणारी प्रत्येक बाई मालकीण, हे सांगितलंत आणि म्हणालात, "तुमच्या गल्लीतल्या बायका मालकिणी म्हणून हव्या असतील तर ती वाट. मजुरीवर हव्या असतील तर नाही." आम्ही दोघी गप्प.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट असते आणि तिला एजंट लागत नाही, हे सांगून आमचे पैसे वाचवलेत. जीएसटीचंही तसंच: कंपनी असो की फर्म, नियम तोच. पुण्याला माल पाठवताना उलाढालीची मर्यादा बघायची, बेळगावला पाठवला की राज्य बदललं, पहिल्याच पाकिटाला नोंदणी. निपाणीची मावसबहीण त्यामुळे अजून रुसलेली आहे.

तुम्ही फी घेतलीत ती फक्त डीडची. चटणीची बरणीसुद्धा "बिल लावा, फर्मचा माल आहे" म्हणून पैसे देऊन घेतलीत. आता मार्चचा हिशेब घेऊन येतोय, तिघीही. सासूबाईंनी बजावलंय की त्यांचे १० टक्के पगार धरून की वगळून, हे त्या स्वतः तुम्हाला विचारणार आहेत. तयारीत राहा.

तुमची नम्र,
फर्मची एक भागीदार, कोल्हापूर