अनुदान चित्रपट बनत असतानाच द्या

कोल्हापुरात सिनेमा उभा राहिला तो माणसांनी विश्वासाने पुढे केलेल्या पैशांवर. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले. १९२९ मध्ये इथेच 'प्रभात' निघाली, तेव्हा चार कलावंत भागीदारांच्या जोडीला सीतारामपंत कुलकर्णी यांचा पैसा होता. चित्रीकरणाच्या आधी हातात पैसा होता, हे महत्त्वाचे.

आज मोठा स्टुडिओ स्वतःच्या तिजोरीतून खर्च करतो आणि चित्रपटाचे हक्क बहुधा स्वतःकडे ठेवतो. स्वतंत्र निर्मात्याला मात्र पै-पै गोळा करावी लागते. माझ्या पुतण्याने मित्रांसोबत चित्रपट केला. घरचे दागिने गहाण पडले, कलाकारांनी मानधन पुढे ढकलले, राधानगरीकडे अठरा दिवसांत चित्रीकरण उरकले. आता संकलन झाले आहे, पण ध्वनिमिश्रणाला पैसे नाहीत. गेले सात महिने हार्ड डिस्क कपाटात पडून आहे. पोराची तगमग बघवत नाही.

राज्य शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते, ही चांगलीच गोष्ट. पण ते मिळते चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, परीक्षण झाल्यावर. तोवर सावकाराचे व्याज थांबत नाही. पटकथा तपासून पहिला हप्ता आणि कच्चे संकलन पाहून दुसरा, अशी सोय करावी. आपल्या चित्रनगरीतही नवोदितांना चित्रीकरणाचे भाडे प्रदर्शनानंतर भरण्याची मुभा द्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर