वकीलताई, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते

ताई, नमस्कार.

नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुमचा फोन येणार, "हे काय लावलंयस, काढ आधी ते", आणि मला ते काढावं लागणार, त्यामुळे नुसतं ताई. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मागे कोर्टात गेले होते तेव्हा क्लार्क म्हणाले की तुम्ही लीगल एडच्या, म्हणजे फुकट वकील देणाऱ्या, पॅनलवरून नाव काढून घेतलंत, आईच्या आजारपणामुळे आता गावीच राहणार. मी तिथेच बाकावर बसले आणि मनात आलं, एवढ्या वर्षांत या बाईला आपण चहा पाजला, पावसात रिक्षा शोधून दिली, रात्री अकराला फोन करून पिडलं, पण नीट थँक्यू कधी म्हटलंच नाही. म्हणून हे. आणि उघडच लिहितेय, कारण मी जिथे सायकॉलॉजिस्ट आहे त्या मनोरुग्णालयातल्या आमच्या वॉर्डात नक्की काय चालतं हे बाहेर कुणाला ठाऊकच नसतं.

लोकांना ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही नावं जोकपुरती माहीत. कोणी जरा विचित्र वागलं की "याला ठाण्याला पाठवा". येरवड्यात तर जेल पण आहे आणि मनोरुग्णालय पण, त्यामुळे जोक मारणाऱ्याचं काम अजूनच सोपं. पण अशा सरकारी हॉस्पिटलात गुन्ह्यातल्या पेशंटसाठी वेगळी व्यवस्था असते, बाहेर पोलीस गार्ड, आत दोन दारं, ड्युटी बदलली की डोकी मोजायची, जेवण झालं की चमचे मोजायचे, पेन टेबलावर विसरायचं नाही, हे सगळं ऐकून समोरचा लगेच विचारतो, "तुला भीती नाही वाटत?" खरं सांगू का, भीतीपेक्षा जास्त वेळ कागदांत जातो. तिथे साधारण तीन तऱ्हेची माणसं येतात. एक, कच्चे कैदी, ज्यांची केस चालू व्हायच्या आधी कोर्टाला कळायला हवं असतं की हा माणूस केस लढवण्याच्या अवस्थेत आहे की नाही. दुसरे, जेलमध्ये आजारी पडलेले, ज्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०३ खाली आमच्याकडे हलवतात. आणि तिसरे, ज्यांना कोर्टाने वेडाच्या भरात केलं म्हणून निर्दोष सोडलंय पण "सुरक्षित ताब्यात ठेवा" असंही म्हटलंय. निर्दोष आणि तरीही आत. हे मला पहिल्यांदा तुम्ही समजावलंत तेव्हा मी दोनदा विचारलं होतं, नक्की ना?

एम.फिल.ला आम्हाला रोर्शाकची शाईच्या डागांची टेस्ट शिकवली, बिने-कामतची बुद्धिमत्ता चाचणी शिकवली, सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी शिकवली. कोर्ट कोणी शिकवलं नाही. रिपोर्टचा एक साचा वॉर्डात माझ्या आधीपासून चालत आलेला, टेस्टचे आकडे, निदान, शेवटी "रुग्ण उपचाराखाली असून इनसाइट अपुरी आहे" (म्हणजे आपण आजारी आहोत याची जाण कमी), सही, शिक्का, संपलं. तुम्ही तो पहिल्यांदा हातात घेतलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "मॅडम, जज साहेबांनी विचारलंय काय आणि याच्यात त्याचं उत्तर कुठाय?" मग माझ्याच रफ पॅडवर तुम्ही तीन ओळी लिहिल्यात. तो कागद मी लॅमिनेट करून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, हसू नका.

पहिली ओळ आजची. हा माणूस आज स्वतःचा बचाव करू शकतो का, आपल्यावर कसला आरोप आहे हे त्याला कळतं का, वकिलाशी बोलू शकतो का. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ३२८-३२९, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३६७-३६८. (१ जुलै २०२४ ला सगळे नंबर बदलले तरी आपण दोघी अजून जुनेच बोलतो, आणि कोर्टातले लोकपण.) दुसरी ओळ त्या दिवसाची. घटना घडली त्या क्षणी आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे त्याला कळत होतं का, म्हणजे आयपीसीचं, जुन्या दंड संहितेचं, कलम ८४, आता न्याय संहितेचं २२. आणि तिसरी उद्याची, सोडला तर स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे का, औषधं कोण देणार. तुम्ही म्हणालात, या तिघांची खिचडी केली की माणूस मेलाच. कारण आज बरा दिसतोय म्हणून त्या दिवशीही शुद्धीत होता असं सरकारी वकील म्हणणार, आणि आज आजारी आहे म्हणून त्या दिवशीही होता असं आपण म्हणणार, आणि दोन्ही उपयोगाचं नाही. मग सुप्रीम कोर्टाचा १९६४ चा तो दह्याभाई ठक्करचा निकाल तुम्ही मला वाचायला लावलात, की बघायची ती नेमकी गुन्ह्याच्या वेळची मनःस्थिती, आणि ती ठरवायला त्याच्या आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं बघायचं. नुसतं स्किझोफ्रेनियाचं निदान दाखवून ८४ चा बचाव मिळत नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने आजारी असणं वेगळं आणि कायद्याच्या दृष्टीने वेगळं, आमच्या लोकांना हे पचत नाही अजून.

त्या दिवसापासून माझं काम बदललं. फिटनेसच्या, म्हणजे केस लढवू शकतो का हे बघायच्या, इंटरव्ह्यूला मी साधे प्रश्न विचारते, कोर्टात काळा कोट घालून कोण असतं, तुझ्या बाजूने कोण बोलणार, केस सिद्ध झाली तर पुढे काय, गुन्हा कबूल आहे म्हणालास तर काय होईल. एकाने सांगितलं होतं, "काळा कोट म्हणजे टीसी, आणि माझ्याकडे तिकीट नाय." मी तुम्हाला फोनवर सांगताना हसले, तुम्ही हसला नाहीत. म्हणालात हेच लिही, त्याचं वाक्य जसंच्या तसं घाल, जज आकडे वाचत नाहीत, वाक्य वाचतात. आणि खरंच, पुढच्या तारखेला तेच वाक्य साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

आणि मामांच्या, म्हणजे वॉर्डातल्या अटेंडंटच्या, नोंदी. ढोंग करतोय का हा प्रश्न कायम असतोच, पोलीस तर तोच घेऊन येतात. एका तासाच्या टेस्टिंगमध्ये हुशार माणूस फसवू शकतो, पण नाईट ड्युटीच्या मामांना तीन आठवडे कोण फसवणार? कोण रात्रभर जागा, कोण आंघोळीला घाबरतो, कोण डॉक्टरसाहेब राउंडला आले की बडबडतो आणि ते गेले की मस्त कॅरम खेळतो, सगळं त्यांच्या रजिस्टरात, मोडक्या अक्षरात. ते रजिस्टर कोर्टापुढे जाऊ शकतं हे तुम्ही सांगेपर्यंत कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मामांची छाती किती फुगली होती तेव्हा! आता ते तारीख-वेळ टाकून लिहितात.

पण मला मुख्य सांगायचंय ते म्हशीवाल्याबद्दल. गाव, वय, सगळं बदलून लिहितेय. शेजाऱ्याने विहिरीत विष टाकलंय या खात्रीने त्याने शेजाऱ्यावर कोयता चालवला, शेजारी वाचला, पण हाताची बोटं कायमची गेली. ३०७, खुनाचा प्रयत्न. अनफिट म्हणून केस थांबलेली, आणि थांबली ती थांबलीच, कारण आमच्याकडून रिपोर्ट जायचा, मग तारखेला कोर्टात न्यायला पोलिसांची एस्कॉर्ट पार्टी मिळायची नाही, रोजनाम्यात "आरोपी हजर नाही", पुढची तारीख. गुन्हा कबूल केला असता तर कदाचित शिक्षा भोगून घरी गेला असता अशी वेळ आलेली. माझ्याशी तो बोलायचाच नाही. औषधं घ्यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड.

तुम्ही आलात वकीलपत्रावर सही घ्यायला. खुर्ची आणू का विचारलं तर नको म्हणालात, त्याच्याच बाकावर शेजारी बसलात आणि केसचं काहीच न विचारता कोण तुम्ही, कुठल्या गावचे, शेती किती असं सुरू केलंत. बराच वेळ गप्प. मग एकदम तो म्हणाला, "वकीलबाई, माझी म्हैस कुणाकडं हाय?"

मी असते तर म्हणाले असते की हे तुमच्या मनात कधीपासून आहे, सांगा. तुम्ही वहीत लिहून घेतलंत, म्हशीचं वय, शिंगं कशी, कुठल्या गोठ्यात होती, आणि बाहेर येऊन गेटवरूनच त्याच्या गावच्या पोलीस पाटलांना फोन लावलात. पुढच्या वेळी आलात ते उत्तर घेऊन, भावाने विकली, दवाखान्याच्या आणि वकिलाच्या खर्चासाठी, एवढ्या एवढ्याला. मला वाटलं होतं आता हे सांगायचं कशाला, बिथरेल. तुम्ही सरळ सांगितलंत. तो चिडला, उठला, मामा पुढे झाले, तुम्ही जागच्या हलला नाहीत, नुसतं म्हणालात, "विकायला नको होती, तुम्हाला विचारायला पाहिजे होतं." तो खाली बसला आणि रडला आणि मग त्या दिवसाबद्दल बोलायला लागला, विहिरीबद्दल, पाण्याच्या वासाबद्दल, रात्री पत्र्यावर ऐकू येणाऱ्या बोलण्याबद्दल. माझं त्याच्यासोबतचं खरं काम त्या दुपारी सुरू झालं. इतके महिने तिथे येणाऱ्या प्रत्येकाने त्याला आपल्याला हवे ते प्रश्न विचारले होते, मी धरून, आणि त्याच्या एका प्रश्नाचं उत्तर आणून देणाऱ्या पहिल्या तुम्ही.

पुढचं बाकीचे वकील पण करू शकले असते कदाचित, पण केलं तुम्हीच. सीआरपीसीच्या ३३० खाली, म्हणजे आताचं ३६९, गुन्हा जामीनपात्र असो नसो, माणसाला आत ठेवून उपचारांची गरज नसेल आणि नातेवाईक ओपीडीला नेण्याची आणि तो कुणाला इजा करणार नाही याची हमी देत असेल तर केस थांबलेली असताना सोडता येतं, हे कायद्यात लिहिलेलं आहे, फक्त मागणारं कोणी नसतं. भाऊ घाबरलेला. त्याची बायको तर जास्तच, आणि तिचं काय चुकलं? तुम्ही त्यांना भरीस घातलं नाहीत, "जमणार नसेल तर तसं सांगा, मी राग धरणार नाही" एवढंच म्हणालात. मग मी त्यांच्यासोबत बसून आजार परत उफाळण्याआधी दिसणाऱ्या खुणांची यादी केली, झोप उडणं, घरचं पाणी न पिणं, दाराला कान लावणं, यातलं काही दिसलं की थांबायचं नाही, जिल्हा रुग्णालयात सोमवारी कोण बसतं, गोळ्या तिथे फुकट मिळतात, रात्री फोन कुणाला. आणि ज्याची बोटं गेली त्या शेजाऱ्याकडेही तुम्ही स्वतः गेलात. तो काय बोलला ते तुम्ही मला पूर्ण कधी सांगितलं नाहीत. त्याला राग धरायचा हक्क आहे एवढंच म्हणालात. शेवटी भावाने त्याला त्या आळीत न ठेवता मळ्यातल्या खोलीत ठेवायचं ठरलं, कोर्टाने अट म्हणून तेच घातलं.

तो ओपीडीला येतो. केस संपलेली नाही, फिट झाला की उभी राहील, हे त्याला माहीत आहे. काळा कोट कोणाचा ते आता बरोबर सांगतो.

सगळे असे सुटत नाहीत. खिडकीपाशी बसणारे आपले काका अजून तिथेच आहेत, निर्दोष सुटलेले, आजार शांत, पण न्यायला कोणी नाही, भाचा फोन उचलत नाही, हाफवे होममध्ये, म्हणजे बरे झालेल्यांच्या निवाऱ्यात, नाव लावलंय. त्यांच्याकडे बघून तुम्ही मला आसामच्या मचांग लालुंगबद्दल सांगितलं होतंत, १९५१ ला पकडला, तेजपूरच्या मनोरुग्णालयात टाकला, १९६७ ला हॉस्पिटलने बरा आहे म्हणून कळवलं, आणि बाहेर आला २००५ ला. चोपन्न वर्षं. कोणी दुष्टपणा केला असंही नाही, फाईल कुणाच्याच टेबलावर नव्हती. तेव्हापासून दर महिन्याला मी यादी काढते, कोण किती दिवसांचा, कुणाची तारीख कधी, कुणाला वकीलच नाही. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये मनोरुग्णालयात ताब्यात असलेल्या माणसाला फुकट वकील मिळतो हे स्पष्ट लिहिलंय, हेही तुम्हीच दाखवलंत, पण तो माणूस स्वतः अर्ज करणार कसा? म्हणून आता अर्ज आम्ही लिहितो, वॉर्डातून, आणि अंगठा किंवा सही घेऊन पाठवतो. आधी वरून विचारणा झाली की सायकॉलॉजिस्टचं हे काम आहे का. मी म्हटलं, हो.

तर थँक्यू, ताई. मनापासून. आईंना सांभाळा, स्वतःची शुगर पण बघा, तुम्ही गोळी चुकवता हे मला माहितीये.

आणि एक सांगायचं राहिलं. तुमच्या जागी जो मुलगा आलाय पॅनलवर, नवीन आहे, वॉर्डात शिरताना बॅग घट्ट धरून होता पण पळाला नाही, काकांची फाईल मागून घेतली आणि रिपोर्ट वाचून मला म्हणाला, "यात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच आहे." तुम्हाला न विचारता मी त्याला तुमचा नंबर दिलाय. गुरुवारी संध्याकाळी फोन करेल, उचला.

तुमची,
वॉर्डातली मॅडम