अंधेरीतल्या त्या अनोळखी माणसांचे आभार

४ जून २०१८. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनात भारत विरुद्ध केनिया, भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. दोनच दिवस आधी त्याने हात जोडून लोकांना मैदानात यायला सांगितलं होतं. मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा कोल्हापूरहून निघालो. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने बघत वाढलेलं पोर ते, भारताचा संघ मात्र त्याने टीव्हीवरच पाहिलेला.

पाऊस असा, की समोरचा गोलपोस्ट दिसेना. शेजारच्या काकूंनी स्वतःचा रेनकोट काढून पोराला घातला आणि दोन तास भिजत बसल्या. काकू, तो परत करायचा राहिलाच. भारत ३-० जिंकला, त्यातले दोन गोल छेत्रीचे.

सामन्यानंतर आम्ही खेळाडूंच्या बसजवळ गर्दीत मागे अडकलो होतो. पोर रडकुंडीला आलेलं. निळी छत्री घेतलेल्या एका दादांनी विचारलंही नाही, सरळ त्याला खांद्यावर घेतलं. सुरक्षारक्षक काकांनी "लहान आहे, पुढे येऊ द्या" म्हणत वाट करून दिली. भारताचा उंचपुरा गोलकीपर गुरप्रीत जवळून गेला तेव्हा मुलगा खांद्यावर असूनही मान वर करून बघत होता! मग एक चिखलाने भरलेला हात पुढे आला आणि त्याच्या हातात क्षणभर राहिला. कुणाचा, ते गर्दीत मला दिसलंच नाही. पोराने रात्रभर हात धुतला नाही.

दादा, काका, काकू, तुमची नावं विचारायची राहून गेली. मनापासून आभार. मुलगा आता शाळेच्या संघात गोलकीपर आहे.