रायाजीची कादंबरी: खाडी, तोडा आणि बातमी

दादर, मुंबई

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा आणि पहिली तीन प्रकरणे वाचली. वसईच्या मोहिमेचा, १७३७ ते १७३९ चा काळ तू निवडलास, याचा मला मनापासून आनंद झाला. साहसकथेला लागणारे सगळे इथे खाडीच्या दोन्ही तीरांवर हजर आहे. वसईला पोर्तुगीज, मुंबईत इंग्रज, कुलाब्याला आंग्रे, जंजिऱ्याला सिद्दी आणि साष्टीत, म्हणजे मुंबईच्या उत्तरेकडच्या बेटात, शिरणारे मराठे. या सगळ्यांत वावरणारा तुझा रायाजी, चिमाजी आप्पांच्या फौजेतला शिपाई आणि हेर, मला आवडलाही. तो किती शूर आहे हे पानोपानी कळते. पण त्याने आणलेली बातमी किती दिवस ताजी राहणार, हे तीन प्रकरणांत एकदाही आलेले नाही. माझ्या मते तुझ्या कादंबरीचा जीव तिथे आहे.

ठाण्याचेच बघ. मार्च १७३७ मध्ये मराठे साष्टीत उतरले तेव्हा पोर्तुगीजांचा ठाण्याचा किल्ला बांधून पुरा झालेला नव्हता. भिंत अर्धवट आहे, ही हेराची बातमी. पण गवंडी रोज काम करतात, भिंत रोज चढते, आणि महिन्याभराने तीच बातमी ऐकून चढाई करणारा तटाखाली मरतो. रायाजीने फक्त ‘भिंत अपुरी आहे’ एवढे कळवून भागायचे नाही. कोणत्या बाजूला किती हात उंची राहिली आहे, चुना कुठून येतो, गवंडी किती आहेत, हे त्याने मोजायला हवे. त्यावरून पुण्यात कोणीतरी हिशेब मांडील की अजून किती दिवस हातात आहेत. ते दिवस वाचकालाही कळू देत. मग रायाजी वाटेत एका रात्रीपुरता अडकला तरी वाचक अस्वस्थ होईल, तलवार म्यानाबाहेर न काढता.

आणि ही बातमी आणणारे एकटेदुकटे वीर नव्हते. अंजूरचे गंगाजी नाईक, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांच्यासारखी स्थानिक वजनदार माणसे पोर्तुगीज अमलाला कंटाळून पेशव्यांकडे गेली होती. गावची वाट, पाणवठा, कोणत्या पाड्यात कोण कोणाचा सोयरा, हे त्यांना ठाऊक. रायाजीला अशा एखाद्या घराचा आधार दे. परका माणूस साष्टीच्या गावात दोन दिवस टिकणार नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारणारच, तू कोणाच्या घरचा?

आता खाडी. दुसऱ्या प्रकरणात रायाजी अमावास्येच्या मध्यरात्री ओहोटी साधून माहीमहून वांद्र्याला चालत जातो. हे होणार नाही. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणायचे, चाराने भागायचे, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसा आणि रात्री दोन्ही. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. म्हणजे अमावास्येच्या मध्यरात्री मुंबईत भरती असते, तीही उधाणाची. रायाजी बुडेल. त्या रात्रीची ओहोटी पहाटे सहाच्या सुमाराला, उजाडताना.

मध्यरात्रीचीच ओहोटी हवी असेल तर अष्टमी धर. पण अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी फारसे हटत नाही आणि मधल्या प्रवाहात पोहावेच लागते. माझे ऐकशील तर शुद्ध द्वादशी घे. भरती रात्री नवाला, ओहोटी पहाटे तीनला. पौर्णिमा जवळ, म्हणून पाणी बरेच खाली जाते. आणि आपल्या किनाऱ्यावर चंद्र मावळायला टेकतो तेव्हा पाणी जवळपास तळाला असते. म्हणजे तीन-साडेतीनला चांदणे जाते, चिखल उघडा पडलेला असतो आणि फटफटायला दीड-दोन तास उरतात. रायाजी तिवरांतून निघून मधोमध पोचतो तोवर पाणी परत फिरलेले असते. पाठलाग करणाऱ्यांना ते आडवे येते. तीच तिथी वद्य पक्षातली घेतलीस तर ओहोटीच्याच वेळेला चंद्रकोर उगवेल. ती बारीक असली तरी चिखलावर हलणारा माणूस दिसतो.

चिखलही नीट लिही. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, पाय गुडघ्यापर्यंत जातो, वहाणा पहिल्या शंभर पावलांत हरवतात, खडपावरची कालवे तळवा कापतात. घोडा तिथे नेऊच नकोस. शिवाय माहीमचा कॉजवे १८४५ चा आणि शीवचा १८०५ चा. तुझ्या काळात मुंबई बेटावरून साष्टीत जायचे म्हणजे होडी, आणि होडी म्हणजे तरीवरचा पहारा. माहीमला इंग्रजांचा किल्ला, समोर वांद्र्याला पोर्तुगीजांचा. दोघांच्या तोफांमधून जाणारा मचवा कोणाचा आणि तो हाकणाऱ्या तांडेलाला रायाजीवर विश्वास का वाटला, यासाठी मला अख्खे प्रकरण हवे आहे.

बंदुकीबद्दल. रायाजीच्या हातात तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी बंदूक आहे, आणि तू ती अंधारात लपून बसलेल्या माणसाला दिली आहेस. पेटता तोडा रात्री लाल टिंबासारखा दिसतो, आणि सोऱ्यात भिजवलेल्या सुताचा वास वाऱ्याबरोबर जातो. वीतभर तोडा साधारण दोन तास जळतो, म्हणून रात्रभर दबा धरायचा तर दोन-तीन हात तोडा जवळ हवा. विझला तर पुन्हा चकमक झाडावी लागते, ठिणगी उडते, आवाज होतो. आगपेटी यायला अजून नव्वद वर्षे आहेत. एकदा बार काढला की दारू, गोळी, गज, काणात म्हणजे बत्तीच्या भोकात रंजक म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, पुन्हा तोडा बसवणे, यात सरावलेल्या माणसालाही अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या आसपास लागते. तेवढ्यात समोरचा पळत शंभर पावलांवरून अंगावर येतो. म्हणून रायाजीला गोळी एकच, आणि तीही जवळून. गारेची, म्हणजे चकमकीच्या ठिणगीने उडणारी बंदूक त्याने पोर्तुगीज शिपायाकडून मिळवली तर टिंब आणि वास जातील, पण दमट हवेत रंजक ओली होण्याचे भय राहीलच.

तलवारीचे प्रसंग तू झोकात लिहिले आहेस. एवढेच बदल: जिन्यावरच्या झुंजीतून दांडपट्टा काढ. पट्ट्याची मूठ पंजासकट मनगट झाकते, मनगट वळत नाही, सगळा फिराव कोपर आणि खांद्यातून येतो. त्याला मोकळे मैदान लागते. अरुंद जिन्यात पाते भिंतीला आपटून अडकेल. तिथे कट्यार किंवा बिचवा चालतो. समोरच्या पोर्तुगीजाकडे भोसकण्याची सरळ, लांब तलवार आहे. आपली वाकडी तलवार ओढून कापते. रायाजीला जगायचे तर त्याने त्या टोकाच्या आत शिरायला हवे, मग लांबी निरुपयोगी होते. दोन वाक्यांत संपव. खरी झुंज तेवढीच चालते.

बातमी पोचवण्याकडे मात्र सावकाश वळ. तू रायाजीला मोडीतला खलिता देऊन एकट्याला दौडवतोस. महत्त्वाच्या कागदासाठी जासूदजोडी धाडत, म्हणजे एक पडला तर दुसरा पोचावा. अक्षर काजळाच्या शाईचे, डिंकावर धरलेले. पाणी लागले की पसरते. खाडी ओलांडणाऱ्याने कागद मेणकापडात गुंडाळायलाच हवा. त्याहून चांगले म्हणजे कागदावर एखादे साधे घरगुती पत्र, आणि खरा मजकूर जासुदाच्या तोंडी. पानिपतानंतरची ती सावकारी चिठ्ठी आठव: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याचा हिशेब नाही. व्यापाराच्या भाषेत अख्ख्या रणाची बातमी. रायाजीसाठी असाच संकेत मिठागराच्या भाषेत रचता येईल, कारण साष्टीत मिठाचा हिशेब पाठवणाऱ्यावर कोणाचा संशय येणार? किती मण मीठ तयार, किती वाहून गेले, कोणता बांध फुटला.

मोडी शत्रूला वाचता येत नाही असे मात्र गृहीत धरू नकोस. मुंबईतल्या इंग्रजांकडे मोडी वाचणारे आणि लिहिणारे शेणवी कारकून होते. रामा कामतीची हकीकत कादंबरीत सावलीसारखी हवी. वाळकेश्वरचे देऊळ १७१५ मध्ये पुन्हा उभारणारा हा धनाढ्य माणूस. कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून १७२० मध्ये इंग्रजांनी त्याला जन्मठेप दिली. पुराव्यातले पत्र बनावट होते हे पुढे उघडकीला आले, पण तो १७२८ मध्ये कैदेतच वारला. तुझी कथा घडते तेव्हा मुंबईतल्या प्रत्येक मराठी बोलणाऱ्या व्यापाऱ्याला ही गोष्ट पाठ असणार. रायाजी कोटातल्या एखाद्या पेढीवर चिठ्ठी घेऊन गेला तर पेढीवाला ती हातात घेणारच नाही. खरे पत्रही खोटे ठरवता येते आणि खोट्यावर खरा माणूस कैदेत जातो, हे त्याने पाहिले आहे. तिथे तुला खलनायकाची गरजच पडणार नाही.

खलनायक हवाच असेल तर सोपा, क्रूर पाद्री काढून टाक आणि इंग्रजांकडे बघ. वसई पडत असताना मुंबईकर इंग्रजांनी दोन कप्तान बाहेर धाडले. इंचबर्ड चिमाजी आप्पांकडे तहाच्या बोलण्यासाठी. गॉर्डन शाहू महाराजांकडे, वरकरणी मैत्रीसाठी, आतून दरबारात बाजीरावांवर कोण नाराज आहे हे हुडकायला. हाही सैनिक आणि हेरच, फक्त पलीकडचा. रायाजीसमोर असा तोलाचा माणूस उभा कर.

तारखा मात्र जपून. वसईचा तह पोर्तुगीज कागदांत १६ मे १७३९ ला, तर इंग्रजांच्या हिशेबाने तो दिवस ५ मे, कारण १७५२ पर्यंत इंग्रजांचे पंचांग अकरा दिवस मागे होते. शिवाय त्यांचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १७३९ च्या कागदावर १७३८ दिसेल. आपल्याकडे तिथी आणि मृगाला बदलणारा सुरसन, म्हणजे मराठी दप्तरातले वर्ष. रायाजीने पकडलेल्या इंग्रजी पत्रातली तारीख पोर्तुगीज दुभाष्याने चुकून आपल्या पोर्तुगीज पंचांगातली समजली, तर गलबतांची वाट अकरा दिवस आधी पाहिली जाईल. हा धागा तुला फुकट मिळतो आहे, घे.

नाण्यांचे थोडक्यात: साष्टीच्या खेड्यात मुंबईचा कोरा रुपया मोडायला काढला की सराफ बट्टा लावताना चेहरा बघून ठेवतो. रायाजीकडे झिजलेले नाणे आणि खुर्दा असू दे.

शेवटचा वेढा तू एका प्रकरणात उरकला आहेस, त्याला निदान तीन हवीत. फेब्रुवारी ते मे, दोनच दरवाजे, एक जमिनीकडे आणि एक समुद्राकडे. मृग जवळ आला की मोर्च्यांत पाणी भरणार, सुरुंगांची दारू भिजणार आणि फौजेला उठावे लागणार. त्याच वेळी नादिरशहा दिल्लीत, त्यामुळे उत्तरेकडूनही घाई. सुरुंग वेगवेगळे उडाले आणि उशिरा उडालेल्याने आत घुसलेले आपलेच लोक दगडांखाली गाडले गेले. रायाजीला भिंतीपाशी नको, सुरुंगाच्या तोंडाशी ठेव. वात किती हात, किती वेळात पोचेल, आणि धूर दिसेना तेव्हा आत जाऊन पाहायचे की थांबायचे, हे त्याला ठरवू दे.

माहीम ते वांद्रे हे प्रकरण आधी पुन्हा लिही आणि समासात प्रत्येक प्रसंगाची तिथी घाल. मग मी भरती-ओहोटी ताडून पाहीन. पुढच्या रविवारी काळा घोड्याला पुराभिलेखागाराच्या बाजूला आपण जाणारच आहोत. त्याआधी म्युझियममधल्या शस्त्रांच्या दालनात पट्ट्याची मूठ आणि फिरंगीचे, म्हणजे सरळ विलायती तलवारीचे, पाते शेजारी उभे राहून बघ.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीपाद